पावणेसहाच्या आतलं ताट

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटी म्हणाली, "आजी, आमच्याकडे आता चार वाजताच अंधार पडतो," आणि मी एकदम विचारलं, "मग तू जेवलीस का?" तुम्ही दोघं हसलात. चार वाजता कोण जेवतं, असं मोठा म्हणाला. मीही हसले. पण फोन ठेवल्यावर माझे हात गार पडले होते.

त्यामागे एक हकिगत आहे. तुमच्या बाबांना ती अर्धीच माहीत आहे. तुम्हाला मराठी वाचता येतंय तोवर ती पूर्ण लिहून ठेवावी म्हणून बसले आहे.

हकिगत तुमच्या पणजीची, म्हणजे आजोबांच्या आईची. मी त्यांना आई म्हणत असे, इथेही तेच लिहीन. आमचं कारंज्यातलं जैन घर, बाजारात कापडाचं दुकान. आई सूर्य मावळल्यावर काही खात नसत, पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. नवी नवरी होऊन या घरात आल्या तेव्हापासूनचा हा नियम. आजारपणात, प्रवासात, अगदी माझे सासरे गेले त्या दिवशीही तो मोडला नव्हता. शिवाय जे खायचं ते घरच्या माणसाच्या हातचं, आणि मी सून म्हणून आल्यापासून त्यांनी आपलं ताट कधी स्वतः वाढून घेतलं नव्हतं. पीठ घरच्या चक्कीवरचं, पाणी त्याच दिवशी फडक्यातून गाळलेलं. दुकानातलं बिस्कीट त्यांनी जन्मात तोंडात घातलं नाही. मी स्वतः इतकी कडक कधीच नव्हते. दुकानामुळे आजोबाही रात्रीच जेवत, आणि मी नोकरीला लागले तेव्हा आईंनीच मला सूट दिली होती. "तू थकून येतं, तू खात जाय बापा. माह्यं मी पाहीन."

मी सांगते आहे त्या वर्षी आई ब्याऐंशीच्या होत्या आणि त्यांना मधुमेह होता. संध्याकाळच्या जेवणाआधी अर्धा तास एक गोळी. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की गोळी घेतली आणि जेवण झालं नाही तर रक्तातली साखर एकदम खाली जाईल, आणि या वयात साखर वाढण्यापेक्षा ती खाली जाण्याला जास्त भ्यायचं. ते वाक्य मी डायरीत लिहून खाली लाल रेघ ओढली होती.

म्हणजे बघा, एका बाजूला गोळी आणि दुसऱ्या बाजूला सूर्य. डिसेंबरात आमच्याकडे पावणेसहाला सूर्य जातो. गोळी पोटात गेली की त्याच्या आत ताट समोर आलंच पाहिजे. एकदा दिवस गेला की आईंना देवसुद्धा भरवू शकला नसता.

मी मंगरूळपीरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. कारंज्याहून एसटीने तासाभराचा रस्ता. वर्षानुवर्षं मी सकाळच्या पाळीत होते, दुपारी दोनपर्यंत घरी. त्यामुळे आईंचं ताट हा प्रश्न कधी आलाच नाही. मग आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि सेवाज्येष्ठतेने माझं नाव वर आलं. माझी नोकरीची तीन वर्षं उरली होती.

मला ती खुर्ची हवी होती, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. अठ्ठावीस वर्षं माझ्या रजेच्या अर्जावर दुसऱ्या कोणाची तरी सही लागत होती. शिक्षकांच्या बैठकीत मी काही सुचवलं की "मॅडम, बघू" एवढं ऐकायचं आणि पुढच्या महिन्यात तेच दुसऱ्याच्या तोंडून मंजूर झालेलं बघायचं. मला एकदा स्वतःच्या हाताने शाळा चालवून बघायची होती. आणि पैशाचंही होतं. निवृत्तिवेतन शेवटच्या पगारावर ठरतं. लोक साड्या फोनवरून मागवू लागले होते, आजोबांच्या दुकानातल्या गाद्या दुपारभर रिकाम्या असत. तुमचे बाबा पुण्यात शेवटच्या वर्षाला होते आणि पुढे परदेशी जायचं त्यांच्या मनात होतं. ते तसं तोंडाने बोलत नव्हते, पण सुट्टीत आले की त्यांच्या टेबलावर त्या विद्यापीठांची माहितीपत्रकं असायची.

खुर्ची घेतली तर सकाळची पाळी सुटणार होती. अकरा ते पाच शाळा, नंतर ऑफिसातल्या कारकून बाबूंबरोबर कागदपत्रं. घरी यायला साडेसहा. उन्हाळ्यात चाललं असतं. हिवाळ्यात नाही.

आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "तू खुर्ची घे. आईले मी वाढीन. दुकानातून पाच वाजता घरी येनं म्हणजे काय मोठी गोष्ट हाय?"

"रोज याल?"

"रोज येईन. गिऱ्हाईक हायेत कुठी मले अडवाले?"

असं करून मी प्रभारी मुख्याध्यापिका झाले. कायमचा आदेश सहा महिन्यांनी येणार होता.

मी शिस्तीची बाई आहे, तुम्हाला माहीतच आहे. मी एक वेळापत्रक केलं, पट्टीने रेघा मारून, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी लावलं. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळचं ताट आजोबांकडे. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून शनिवार माझा. रविवार माझा. पोळ्या, भाजी मी निघण्याआधी करून, झाकून ठेवायची. गोळीची वेळ, जेवणाची वेळ, सगळं त्यात. पहिल्याच आठवड्यात मी तोंडी एक सांगितलं आणि मग बदललं, त्यात आजोबा आणि मी दोघंही ताट वाढायला धावलो. तेव्हा मी नियम केला की कागदावर असेल तेच खरं, तोंडी सांगितलेलं धरायचं नाही. आजोबांनी त्याची फार थट्टा केली. दुकानातल्या माणसांना सांगत, "आमच्या घरी फर्मान निघते. सही-शिक्का मारून." पण पाळलं त्यांनी. आईंनीही पाळलं. त्या चौथीपर्यंत शिकल्या होत्या, घड्याळ बघून बरोबर त्या मिनिटाला गोळी घेत.

पाऊसपाण्याचे महिने नीट गेले. दिवाळीनंतर दिवस लहान होऊ लागला तशी मी कागद बदलला. गोळी पावणेपाच, ताट सव्वापाच. आणि मला भीती वाटायला लागली.

ती भीती कशी होती ते सांगते. शाळेतल्या माझ्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या दर्ग्याकडे जाणारा रस्ता दिसे. साडेचार वाजले की त्या रस्त्यावरच्या माणसांच्या सावल्या लांब होत. बाबू पगारपत्रक समोर ठेवत, मी आकडे वाचत असे आणि डोळे सावल्यांकडे. पाच वीस झाले की मी फोन लावायची.

"वाढलं का?"

"वाढलं बापा, वाढलं. पापड बी देल्ला."

"पूर्ण जेवल्या?"

"ताट चाटून राह्यल्या. येऊन पाहतं का?"

तेवढं ऐकलं की मी पुढच्या कागदावर सही करू शकायची. आजोबा हसत, पण रोज न कंटाळता उत्तर देत. आमचं प्रेम त्या वयात बहुतेक असंच होतं, पाच वीसच्या फोनवर.

डिसेंबरातला एक शुक्रवार. दुपारी निरोप आला की उद्या वाशीमला मुख्याध्यापकांची बैठक, हजर राहणं सक्तीचं. रात्री आजोबा जेवत असताना मी सांगितलं, "उद्या मी वाशीमला आहे. संध्याकाळी आईंना तुम्ही वाढा." ते "हो" म्हणाले. त्यांचं लक्ष दुधाच्या भांड्याकडे होतं, ते उतू जात होतं. मी कागद बदलला नाही. पेन आतल्या खोलीत पर्समध्ये होतं आणि मी उठायचा कंटाळा केला. एवढंच कारण. याहून मोठं काही कारण असतं तर बरं वाटलं असतं.

बैठक दुपारी दोनला संपायची ती चारपर्यंत चालली. मला चार दहाची कारंजा गाडी मिळाली, डाव्या हाताची खिडकी. बाहेर तूर उभी होती, सूर्य तिच्या वर हातभर. मी निवांत होते. खरं सांगायचं तर खुशीत होते. बैठकीत मी एक मुद्दा मांडला होता आणि शिक्षणाधिकारी साहेबांनी तो लिहून घेतला होता. मी खिडकीला डोकं टेकून तोच प्रसंग पुन्हा पुन्हा आठवत होते.

मंगरूळपीरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा पाच वाजून गेले होते. सवयीने पाच वीसला फोन लावला. आजोबांनी उचलला नाही. वाटलं, हात खरकटा असेल. पाच पंचवीसला लावला, उचलला नाही. पाच तीसला उचलला नाही. माझ्या शेजारी एक बाई मेथीची जुडी मांडीवर घेऊन निवडत होती. तिने विचारलं, "काय झालं वं बाई?" मी काही नाही म्हणाले. पुन्हा नंबर लावला.

पाच पस्तीसला आजोबांनी फोन घेतला. मागे दहा-पंधरा माणसांचा गलका.

"अवं, बस्ता आला हाय लग्नाचा! दोन्ही घरचे लोकं बसले हायेत. दुपारपासून चालू हाय. फार मोठा—"

बस्ता म्हणजे लग्नाची कपडेखरेदी. नवरीकडचे आणि नवरदेवाकडचे एकत्र येऊन सगळ्यांच्या साड्या, धोतरं, टॉवेल एकाच दुकानातून घेतात. एक बस्ता म्हणजे आमचा महिना. मी मध्येच म्हणाले, "आईंना वाढलं?"

"मी? आज शनिवार. शनिवार तुहा हाय न!"

"मी गाडीत आहे. वाशीमहून येतेय. काल सांगितलं होतं तुम्हाला."

पलीकडे तो गलका तसाच चालू होता. कोणीतरी म्हणत होतं, हा रंग नको, हा म्हातारा दिसतो. मग आजोबा अगदी लहान आवाजात म्हणाले, "कागदावर तुहं नाव हाय." आणि फोन बंद झाला. ते निघाले होते, हे मला कळलं. पण शनिवारच्या बाजारातून स्कूटरला पंधरा मिनिटं तरी लागणार होती.

आमच्या शेजारी एक सिस्टर राहत. सरकारी दवाखान्यात नर्स, बारा वर्षांची शेजारीण, बौद्ध समाजातल्या. माझ्याशी त्यांची चांगली मैत्री होती. अंगणात उभं राहून आम्ही तासन्‌तास बोलायचो. अंगणातच. आईंच्या स्वयंपाकघरात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं आणि त्यांच्या हातचं पाणी आमच्या घरात चालत नसे. हे लिहिताना मला लाज वाटते. नियम आईंचा होता, पण बारा वर्षं तो मीही मुकाट्याने चालवला. वर्गात मुलांकडून समतेवर इंग्रजी निबंध लिहून घेणारी मी.

मी सिस्टरना फोन केला. त्या लगेच गेल्या. चालतानाच बोलत होत्या.

"दार उघडंच हाय. आजी पाटावर बसल्या हायेत मॅडम, डोळे मिटून. कपाळाले घाम हाय."

"स्वयंपाकघरात ताट झाकून ठेवलंय. ते त्यांच्यापुढे ठेवा."

"मी?"

"हो. तुम्ही."

"मी जातो मॅडम. पन त्या खातीन का?"

झाकण काढल्याचा आवाज आला. मग सिस्टर मोठ्याने म्हणाल्या, "आजी, जेवून घ्या. दिवस जाऊन राह्यला."

आईंचा आवाज लांबून आला. "येते लेक. नाई तं सून येते."

"आजी, गोळी घेतली न तुमी?"

"पावणेपाचले घेतली. कागदावर हाय."

मी गाडीत ओरडले, "फोन त्यांच्या कानाला लावा!" मेथीवाली बाई दचकली, पुढच्या सीटवरच्या दोघांनी मागे वळून पाहिलं. मी म्हणाले, "आई, मी बोलतेय. सिस्टरच्या हातचं खा. माझं ऐका. आजच्या दिवस खा."

"कुठी हायेस तू?"

"गाडीत. येतेच आहे. तुम्ही खाऊन घ्या."

"सूर्य पाह्य," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज जड येत होता. "अजून हाय. तू ये."

मी पाहतच होते. सूर्य तुरीच्या शेंड्यांना लागला होता आणि लाल झाला होता. मी त्याच्याकडे बघत मनात मिनिटं मोजत होते, आणि गाडी एका फाट्यावर थांबून कोणाची तरी पोती टपावर चढवून घेत होती. मी कंडक्टरला म्हणाले, "दादा, चला ना." तो म्हणाला, "बाई, गाडी का माह्या खांद्यावर हाय?" लोक हसले. पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं तेव्हा सूर्य अर्धा होता. पुन्हा पाहिलं तेव्हा नव्हता.

त्यानंतरची पंचवीस मिनिटं मी कशी काढली ते मला सांगता येत नाही. मी देवाचं नाव घेतलं नाही. मनात हिशेब चालू होता की ती मेली तर मी तिला मारलं, आणि कशासाठी, तर साहेबांनी माझा मुद्दा लिहून घेतला त्यासाठी.

सहा दहाला मी घरात शिरले. आजोबा आईंसमोर गुडघ्यांवर बसले होते, हातात वाटी. एवढा मोठा माणूस, रडत होता. "दोन मिनिटं उशीर झाला वं," ते मला म्हणाले. "फकस्त दोन मिनिटं. नाही म्हणते. तोंड उघडत नाही." त्यांनी दवाखान्यात नेतो म्हटलं तर आईंनी हाताने थांब अशी खूण केली होती, माळ पूर्ण होऊ दे म्हणून. आता माळ हातातून गळून पडली होती. मी हाक मारली तर डोळे उघडले, पण मला ओळखलं नाही. काहीतरी पुटपुटल्या, शब्द लागला नाही. हात बर्फासारखे.

सिस्टरनी स्वतःचं यंत्र आणून बोटातून रक्त तपासलं होतं. म्हणाल्या, "ऑटो बाहेर उभा हाय. पन तितक्यात बेशुद्ध होतीन. साखर लावा हिरड्याइले, बोटानं. पानी नका देऊ, ठसका लागन."

साखरेचा डबा मी आणला. झाकण निघेना. सिस्टरनी ते काढून दिलं आणि डबा माझ्याकडे परत केला.

"तुम्ही लावा," मी म्हणाले. "तुम्हाला सवय आहे."

"माह्या हातची नको. उद्या विचारतीन त्या. तुमचा हात असू द्या मॅडम."

आजोबांनी तोंड भिंतीकडे केलं. मी बोट ओलं करून साखरेत बुडवलं आणि आईंच्या ओठांच्या आत घातलं. दात घट्ट मिटलेले होते. मी गालाच्या आतून, हिरड्यांवर साखर चोळली, एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. बाहेर पूर्ण अंधार झाला होता आणि घरात ट्यूबलाइट लागली होती. आईंनी एवढ्या वर्षांत न मोडलेली गोष्ट मी माझ्या बोटाने मोडत होते. आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला फक्त त्या जाऊ नयेत असं वाटत होतं.

दवाखान्यात सलाईन लागलं. सातच्या सुमाराला आईंनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "किती वाजले?"

"सात."

त्यांनी हाताकडे पाहिलं. "हे काय लावलं?"

"सलाईन. शिरेतून आहे. तोंडावाटे नाही."

"तोंडातून काही देल्लं का मले?"

आजोबा पायाशी होते. सिस्टर सलाईनच्या बाटलीकडे बघत होत्या, थेंब मोजल्यासारख्या.

"नाही," मी म्हणाले.

आई माझ्याकडे बघत राहिल्या. मग सिस्टरकडे वळल्या. "तू सैपाकघरात गेल्ती न?"

"गेल्ती आजी."

"ताट परत झाकलं का? मांजर येते."

"झाकलं आजी."

"बरं केलं."

मी खोटं का बोलले, ते सांगते. खरं कळलं असतं तर त्यांनी प्रायश्चित्त घेतलं असतं, उपास धरले असते, आणि त्या उपासांतून त्या उठल्या नसत्या. हे कारण खरं आहे. पण प्रायश्चित्त घेणं हा त्यांचा हक्क होता आणि तो मी काढून घेतला, हेही खरं आहे. मला भीती वाटली आणि मी बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर आजोबांनी एकदाच विचारलं, "कागद काहून नाही बदलला?"

"तोंडी सांगितलं होतं."

"तोंडी धराचं नाही, हे कोनाचं होतं?"

बस्ता अर्धवट टाकून ते उठले होते, ते लोक दुसऱ्या दुकानात गेले होते. त्याबद्दल त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही, मला ते दुकानातल्या माणसाकडून कळलं.

मी टेबलाशी बसून अर्ज लिहिला. इंग्रजीत, तीन ओळी. कौटुंबिक कारणास्तव मुख्याध्यापकपदाचा कार्यभार सोडत आहे, पूर्ववत सकाळच्या पाळीत घ्यावं. आजोबांनी तो दोनदा वाचला.

"काय करू?" मी विचारलं.

"मी ठेव म्हनू शकत नाही. आन् टाक बी म्हनू शकत नाही," ते म्हणाले. "पोराचं पाहिलं तं ठेव म्हनावं वाटते. आईचं पाहिलं तं टाक." अर्ज माझ्या हातात परत देत म्हणाले, "तुहं पाहिलं तं ठेव."

आई खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होत्या. ऐकायला कमी यायचं, पण नको ते बरोबर ऐकू यायचं. "काय लिहून राह्यली?" त्यांनी हाक मारली. मी कागद त्यांच्याजवळ नेला. इंग्रजी बघून त्यांनी तो परत केला.

"मले समजेल असं सांग."

मी सांगितलं.

"म्या संध्याकाळचं जेवन सोडलं," आई म्हणाल्या. "सकाळी नऊले तुह्या हातचं. दुपारी लेक जेवाले येते तवा त्याच्यासंगं. मंग काही नाही. डॉक्टरले सांग, गोळी बदलून दे."

"आई, तुम्हाला झेपणार नाही ते."

"झेपन. तुले साहेबीण व्हायचं हाय न? हो मंग. माह्या ताटासाठी कायले थांबतं?"

"डॉक्टर ऐकणार नाहीत."

"मंग त्याले माह्यापुढं आन. म्या त्याच्या बापाले नाही ऐकलं, त्याले काय ऐकीन!"

डॉक्टर खरंच चिडले. दीड वाजल्यापासून दुसऱ्या सकाळपर्यंत पोट रिकामं, या वयात? मग संध्याकाळची गोळी बंद केली, सकाळची अर्धी केली, आणि मला म्हणाले की धोका कमी झाला आहे, संपलेला नाही. लक्ष ठेवा.

आईंनी हे माझ्यासाठी केलं, की हिरड्यांवरची साखर त्यांना कळली होती आणि हेच त्यांचं प्रायश्चित्त होतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं. पुढे त्या तीन वर्षं जगल्या, शेवटपर्यंत शुद्धीत होत्या. मला रोज संधी होती.

अर्ज मी दिला नाही. महिन्याअखेर कायमचा आदेश आला. बाबूंनी तो टेबलावर ठेवला आणि पेढे आणायचे का विचारलं. खिडकीबाहेर सावल्या लांब झाल्या होत्या. माझं नाव, पद, वेतनश्रेणी, सगळं बरोबर टाइप केलेलं होतं. मला ठाऊक होतं की ही खुर्ची एका म्हातारीच्या रोजच्या संध्याकाळच्या ताटाने घेतलेली आहे. तुमच्या बाबांचं पुढचं शिक्षण, माझं आजचं निवृत्तिवेतन, ज्यातून मी तुम्हाला वाढदिवसाला काही पाठवते, सगळं त्यात आहे. मी सही केली. कोणी माझा हात धरून करून घेतली नाही.

घरी पोचले तेव्हा साडेसहा झाले होते. आई ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"झाली का साहेबीण?"

"झाले."

"मंग पाय धू आन् जेव. उपाशी असशीन."

माझं ताट त्यांनी आजोबांना वाढून ठेवायला लावलं होतं. मी बसले. त्या समोर पाट ओढून बसल्या, हात गुडघ्यांवर, आणि मी जेवताना बघू लागल्या. दीड वाजल्यापासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. "भाजीत मीठ बराबर हाय का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. घास तोंडात फिरत होता, खाली उतरत नव्हता. मी त्यांच्या कपाळाकडे बघत होते, दिव्याच्या उजेडात काही चमकतं का. मग डाव्या हाताने त्यांची बोटं धरून पाहिली.

"काय पाहून राह्यली?"

"काही नाही."

बोटं कोमट होती. कपाळ कोरडं होतं. मी तो घास गिळला आणि दुसरा घेतला.